पहिली कोणाकडे?

1 मेला झेंडावंदन होते, प्रगतिपुस्तके वाटली जातात, खिचडीची पातेली घासून पालथी घातली जातात आणि शाळेला कुलूप लागते. त्या दिवशी जिल्हा परिषदेच्या कुठल्याही प्राथमिक शाळेत जाऊन विचारा की जूनमध्ये पहिलीचा वर्ग कोण घेणार. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळेल: "बघू, शाळा उघडल्यावर ठरेल."

मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तेवीस वर्षे शिकवते आहे. त्यातली अकरा वर्षे पहिली माझ्याकडे होती. या अकरापैकी सात वेळा पहिली आपल्याकडे आल्याचे मला शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी कळले. म्हणून जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकते. पहिलीचा शिक्षक उन्हाळी सुट्टीच्या आधी ठरला पाहिजे. तो शाळेतला मुरलेला शिक्षक असला पाहिजे. आणि जून-जुलै हे दोन महिने त्याला वर्गाबाहेरच्या कुठल्याही कामाला जुंपता कामा नये. मागणी साधी आहे, तिला वेगळा निधी लागत नाही, नवे पोर्टल लागत नाही. तरीही ती पूर्ण होत नाही, कारण पहिलीला शिकवायला तयारी लागते हे मनापासून कोणालाच पटलेले नाही. यात मी आम्हा शिक्षकांनाही धरते.

वर्गवाटपाची बैठक कशी होते ते सांगते. शाळा उघडायच्या एक-दोन दिवस आधी सगळे जमतात. मे महिन्यात गावातल्या लग्नाचे वऱ्हाड शाळेत उतरून गेलेले असते, कोपऱ्यात पत्रावळ्या पडलेल्या असतात, फळ्यावर कोणीतरी नवरा-नवरीची नावे लिहून ठेवलेली असतात. झाडलोट होते, चहा येतो आणि वर्ग वाटले जातात. आधी शिष्यवृत्तीचा वर्ग. तो शाळेतल्या सर्वांत नावाजलेल्या सरांना, कारण त्या निकालावर शाळेचे नाव तालुक्यात घेतले जाते. मग त्यांच्या खालचे वर्ग, ज्याची त्याची सवय आणि मर्जी पाहून. सगळ्यांत शेवटी पहिली उरते. ती नव्याने बदलून आलेल्या माणसाला, नाहीतर बाईंना. "लहान लेकरं आहेत, मॅडम सांभाळतील." हे वाक्य मी इतक्या शाळांत, इतक्या जणांकडून ऐकले आहे की ते कोणा एकाचे राहिलेले नाही. 'सांभाळतील' म्हणतात, 'शिकवतील' म्हणत नाहीत. गुरे सांभाळतात तशी लेकरे दिवसभर एका खोलीत सांभाळायची, पुढच्या वर्षी शिकवणे सुरू होईलच, असा त्याचा अर्थ.

2003 च्या जूनमध्ये शिक्षणसेवक म्हणून मी रुजू झाले. महिना तीन हजार मानधन, डीएडच्या टाचणांची वही हाताशी, आणि पहिल्याच दिवशी पहिलीचा वर्ग. हजेरी घ्यायला लागले. एका मुलीचे नाव पुकारले, श्रावणी. कोणी 'हजर' म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. समोर सव्वीस लेकरे बसलेली, पण ते नाव कोणाचेच नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी दोन वेण्या घातलेली, तोंडातले बोट न काढणारी ती मुलगी नावे मोजून, एकेकाला बाजूला करून मी शोधून काढली. नाव विचारले तर गप्प. मी वहीत तिच्या नावापुढे लिहिले, 'बोलत नाही.' पुढचे दीड-दोन महिने मी तिच्याशी बोलत नसलेल्या मुलीशी वागावे तशीच वागले. वाचनाच्या वेळी तिला सोडून पुढे जात होते. पोळ्याच्या सुमारास तिची आजी काही कामाने शाळेत आली, तिला मी हे सांगितले. आजी माझ्याकडे बघतच राहिली. "बाई, त्या नावानं तिला घरी कोन हाक मारतंय? ती चिमी हाय आमची. घरी तं तोंड बंद होत न्हाई तिचं." मी वळून हाक मारली, "चिमे." तिने तोंडातले बोट काढले आणि "ओ" म्हणाली.

दोन महिने गेले होते. कागदावरचे नाव जन्माच्या दाखल्यापुरते होते, घरात ते कोणी कधी उच्चारलेच नव्हते. पाच-साडेपाच वर्षांच्या लेकराला ते आपले नाव आहे हे माहीतच नव्हते. यात तिची चूक काहीच नव्हती. माझी होती असेही पूर्णपणे म्हणवत नाही, कारण कोणत्या वर्गाला शिकवायचे हे मला शाळा उघडली त्याच सकाळी कळले होते. मेमध्ये कळले असते तर एक दुपार तिच्या ओट्यावर बसून आले असते. तेवढ्याने भागले असते.

पहिलीची तयारी म्हणजे काय, असे लोक विचारतात. तक्ते, घड्या, रंगीत कागदाच्या पताका, भिंतीवरची बाराखडी हे सगळे लागते आणि ते मी आवडीने करते. पण ती तयारीची शेवटची पायरी झाली. आधी लेकरू माहीत व्हावे लागते. आता माझी एक वही असते. एका पानावर एक मूल. कागदावरचे नाव, त्याखाली घरचे नाव. सकाळी उठवते कोण, शाळेत आणून सोडणार कोण. आई-बाप गावात आहेत की आजी-आजोबांकडे ठेवले आहे. घरात बोलतात ती भाषा कोणती. डावखुरे आहे का. कशाला भिते. शौचाला एकटे जाते का. या शेवटच्या गोष्टीवर मोठी माणसे हसतात, पण पहिलीतल्या निम्म्या रडण्याचे मूळ तिथे असते. आमच्या शाळेच्या शौचालयाची कडी माझ्या छातीच्या उंचीवर होती. पहिलीचे लेकरू आत गेले तर त्याला दार लावता येत नव्हते. दार उघडे ठेवून बसायची लाज आणि चौथीची पोरे हसतील ही भीती. मग ते दिवसभर धरून ठेवायचे, चड्डी ओली करायचे आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेला नको म्हणायचे. सुताराला सांगून गुडघ्याच्या वर एक दुसरी कडी बसवून घेतली. ही गोष्ट कुठल्याही प्रशिक्षणात मला कोणी सांगितली नव्हती, एका मुलाच्या आईने तिच्या अंगणात भाकरी थापता थापता सांगितली.

भाषेचे तर विचारूच नका. आमच्या शाळेत बंजारा तांड्यावरची लेकरे येतात. त्यांच्या घरात गोरमाटी बोलतात. पहिल्या वर्षी मी भाकरीचे चित्र दाखवले, "हे काय?" एक मुलगा ठसक्यात म्हणाला, "बाटी." वर्गातली गावातली पोरे खो खो हसली आणि मीही, आज लाज वाटते, म्हटले, "नाही रे, भाकरी म्हणायचं." त्याचे बरोबर उत्तर मी चूक ठरवले होते. तो त्यानंतर आठवडाभर चित्रांकडे बघून काही बोलला नाही. आई म्हणजे याडी, भाकरी म्हणजे बाटी असे तीस-चाळीस शब्द शिकायला मला किती वेळ लागला असेल? तांड्यावर दोन संध्याकाळी. आता असे उत्तर आले की मी दोन्ही शब्द फळ्यावर चित्राशेजारी लिहिते आणि गावातल्या पोरांकडूनही ते म्हणवून घेते. मुलाच्या भाषेचा पूल बांधून त्याला मराठीत आणता येते, तो पूल पाडून आणता येत नाही. गोंडी, कोरकू, भिली, कोकणा बोलणाऱ्या भागांत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणी हेच सांगतात. तीस शब्द शिकायला शिक्षकाला दोन संध्याकाळी लागतात, फक्त त्या जूनच्या आधीच्या असाव्या लागतात.

हे मला नव्याने सुचलेले नाही. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा वस्तीवरची मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली, म्हणजे मुले गुरांमागे जातात तर शिक्षकाने कुरणात जावे. आज अंगणवाडी हा देशभरातला सरकारी शब्द झाला, गावोगावी तिची इमारत झाली. पण आधी मुलाच्या अंगणात जायचे, मग शिकवायचे, हा त्यामागचा क्रम आपण पहिलीच्या उंबऱ्यावर सोडून दिला.

अंगणवाडीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मला फार खुपते ती सांगते. आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे. मधे भिंतसुद्धा नाही, एक लिंबाचे झाड आहे. तिथल्या सेविकाताई त्या लेकरांना तीन वर्षे ओळखतात. कोणाला झटके येतात, कोणाला ऐकू कमी येते, कोण आठ दिवस जेवला नव्हता, कोणाच्या घरी काय घडले, हे सगळे त्यांच्या डोक्यात असते. पण अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची आणि पहिली शालेय शिक्षण विभागाची. मूल लिंबाखालून पंधरा पावले चालत पहिलीत येते आणि त्याच्याबद्दलची तीन वर्षांची माहिती झाडापलीकडेच राहते. दाखल्याचा कागद येतो, माणूस काही सांगायला येत नाही. 2022 पासून राज्यात 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे अभियान सुरू झाले. उन्हाळ्याआधी एक मेळावा, शाळा उघडताना दुसरा, मधल्या काळात आयांचे गट. कल्पना अतिशय चांगली आहे आणि जिथे मन लावून झाली तिथे मुले खरोखर धीट होऊन आली. पण एप्रिलच्या मेळाव्यात टेबलामागे बसलेला शिक्षक आणि जूनमध्ये पहिलीत उभा राहणारा शिक्षक एकच असेल, याची हमी कोणी दिली नाही. त्या दिवशी मुलाचा हात ज्याने धरला तोच जूनला दारात दिसला नाही, तर त्या मेळाव्यातले निम्मे तरी वाया गेले.

तीच गत पटनोंदणीची. मे महिन्यात आम्ही उन्हातान्हात घरोघर फिरतो, कारण इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात फिरत असते आणि वीसच्या खाली पट गेला तर शाळा राहील की नाही याचा घोर लागलेला असतो. म्हणजे घरभेटी तशाही होतातच. त्यात आम्ही जन्मतारीख विचारतो, आधार कार्ड विचारतो, "आमच्याच शाळेत टाका" अशी विनवणी करतो आणि पुढच्या घरी जातो. मूल तिथेच आईच्या पदराआड उभे असते. ज्याला त्या मुलाला शिकवायचे आहे तोच त्या घरी गेला तर आणखी दहा मिनिटे बसेल. बाकी काही वाढवायला नको.

आता शिकवण्याकडे येते. "पहिलीला काय असतं, अ-आ-इ-ई तर असतं" हे वाक्य शिकलेली माणसेही बोलतात. त्यांनी एकदा समोर बसून पाहावे. साडेपाच वर्षांच्या मुलाला विचारा, 'घर' शब्दाच्या सुरुवातीला कोणता आवाज येतो? तो म्हणेल, "दार." त्याच्या लेखी घराच्या सुरुवातीला दारच असते. शब्द ही बोललेली गोष्ट आहे, तिचे तुकडे होतात, त्या तुकड्यांना आवाज असतात आणि त्या आवाजांना खुणा असतात, ही माणसाच्या बुद्धीची केवढी मोठी झेप! ती प्रत्येक मुलाला पहिलीत घ्यायची असते. घ आणि ध, भ आणि म यांत फरक काय, तर एका ठिकाणी रेघ जोडलेली आणि एका ठिकाणी तुटलेली. आजवर त्याने पाहिलेली वाटी उलटी केली तरी वाटीच राहत होती. अक्षर मात्र जरा फिरले की दुसरे होते. हे कोणत्या मुलाला कुठे अडते ते ओळखायला नजर बसावी लागते आणि ती दोन-तीन वर्षे सलग पहिली घेतल्याशिवाय बसत नाही. मला पाचव्या खेपेला बसली. त्याआधीच्या चार वर्षांतल्या काही मुलांना मी 'मंद' समजले. त्यांना वेगळ्या जागी अडले होते, एवढेच.

त्यात वय. आपल्याकडे त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण होणारे मूल पहिलीत बसते. म्हणजे जूनमध्ये वर्गात कोणी साडेसहाच्या जवळ आलेले असते तर कोणी साडेपाचही भरलेले नसते. त्या वयात दहा-अकरा महिने म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. एकाला पेन्सिल तीन बोटांत धरता येते, दुसरा मुठीत धरतो. दोघांना एकच पान गिरवायला देणारा शिक्षक वाईट नसतो, त्याला अजून मुले कळलेली नसतात.

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत 2024 मध्ये देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. 2022 मध्ये हेच प्रमाण 16.3 टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे आणि ती शिक्षकांनीच केली आहे. पण चारातल्या तिघांना तिसरीतही तो उतारा वाचता येत नसेल, तर त्यांचे कुठे अडले ते तिसरीत शोधून काय उपयोग? 2021 मध्ये केंद्राने 'निपुण भारत' जाहीर केले: 2026-27 पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला वाचता यावे, अंकगणित यावे. उद्दिष्टाचे फलक शाळाशाळांत लागले. त्या फलकाखालच्या वर्गात उभे कोणाला करायचे, हा निर्णय मात्र चहा पिता पिता, उरलासुरला वाटा दिल्यासारखा होतो.

आमच्या भागात याला आणखी एक धार आहे. दिवाळी आली की मुकादमाची गाडी येते. उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. हंगामी वसतिगृहे आहेत, आजी-आजोबांकडे राहणारी मुले त्यात जेवतात आणि शाळेत टिकतात. पण पाच-सहा वर्षांचे लेकरू आई मागे ठेवायला धजत नाही, ते बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर बसून फडावर जाते. परत येते ते उन्हाळ्यात. म्हणजे त्या मुलाची खरी पहिली जून ते दिवाळी, साडेचार महिन्यांची. त्यातला पहिला महिना त्याचे नाव शोधण्यात गेला, दुसरा महिना बाई सर्वेक्षणाला गेल्या म्हणून गेला, तर हाती उरते काय? फडावरच्या कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, तो पाटी घेऊन बसेल की नाही, हे त्याला जाण्याआधी दहा-बारा शब्द स्वतःचे स्वतः वाचता आले का, यावर ठरते. ज्यांना आले ते मार्चमध्ये परत येऊन मागच्या ओळीतून पुढे सरकतात. ज्यांना आले नाही त्यांना आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा 'अ'पासून भेटतो. जून-जुलैवर मी एवढी अडून बसते ती या मुलांमुळे.

आणि नेमके जून-जुलैमध्येच सगळी कामे येतात. मतदार यादीचे बीएलओचे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे) काम, शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण, आधार जुळवणी, यु-डायस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, गणवेशाची मापे, कुठले तरी प्रशिक्षण. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावायला बंदी केली आहे. दहावार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद ठेवले आहेत. याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान 45 तास सांगितले आहेत आणि त्यात तयारीचे तास धरले आहेत. हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. तयारी म्हणजे शिक्षकाने हौसेने घरी करायची गोष्ट, असे कायदा मानत नाही. तो तिला काम मानतो. व्यवहारात मात्र पोर्टलवर माहिती भरली नाही तर नोटीस येते, तयारी केली नाही तर कोणी विचारत नाही.

जनगणनेला माझा विरोध नाही. 2027 च्या जनगणनेसाठी घरयादीचे काम एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात ठरले, त्यातले तीस दिवस राज्याने निवडायचे. देशाची मोजदाद सोळा वर्षांनी होते आहे, ती शिक्षकांनी करावी यात मला कमीपणा वाटत नाही. मी एवढेच म्हणते की यादी करताना पहिलीच्या शिक्षकाचे नाव सर्वांत शेवटी घ्या. सातवीचा वर्ग दोन दिवस स्वतःचा अभ्यास करू शकतो. पहिलीच्या वर्गात दोन दिवस बाई दिसल्या नाहीत तर तिसऱ्या दिवशी चार लेकरे कमी झालेली असतात.

वरून येणारे निर्णयही असेच. 2025-26 ला पहिलीचा अभ्यासक्रम नवा झाला, पुस्तके नवी आली. त्याच वर्षी 16 एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय निघाला. वाद पेटला. आमच्याकडे शाळा 16 जूनला उघडल्या आणि 17 जूनला सुधारित निर्णय आला. मग 29 जूनला दोन्ही रद्द झाले. ते रद्द झाले ते योग्यच झाले, पाच वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादणे चूक होते, असे माझे ठाम मत आहे. पण त्या अडीच महिन्यांत विधानभवनापासून वाहिन्यांपर्यंत सगळे बोलत होते, आणि जिला 16 जूनच्या सकाळी फळ्यासमोर उभे राहायचे होते तिला आपल्या वर्गाचे वेळापत्रक कसे असेल हे माहीत नव्हते. पहिलीबाबतचा कोणताही निर्णय, अभ्यासक्रमाचा असो की भाषेचा, मार्चनंतर लागू करू नये, त्याला पुढचे वर्ष द्यावे. बदल्यांचेही तेच. बदल्या व्हाव्यात, पण पहिलीच्या शिक्षकाला जुलै-ऑगस्टमध्ये कार्यमुक्त करणे म्हणजे नुकत्या रडायच्या थांबलेल्या लेकरांना पुन्हा रडवणे.

माझ्या म्हणण्यावर सहकारी आक्षेप घेतात, तेही सांगितले पाहिजे. एक जण म्हणतात की वर्ग आळीपाळीने फिरले पाहिजेत, नाहीतर एकाच्याच गळ्यात पहिली पडते. त्यांची तक्रार खरी आहे. पहिलीच्या शिक्षकाचा घसा संध्याकाळी बसलेला असतो, आणि त्याच्या कामाचे यश चार वर्षांनी शिष्यवृत्तीच्या यादीत दुसऱ्याच्या नावावर दिसते. म्हणून मी कायमची पहिली मागत नाही. जो पहिली घेईल त्याने त्याच मुलांना दुसरीत न्यावे, मग परत यावे, अशी दोन वर्षांची फेरी असावी. काही शाळांत पहिली ते चौथी एकच शिक्षक वर्ग वर नेतो, ती पद्धतही मी चांगली चाललेली पाहिली आहे. दुसरा आक्षेप द्विशिक्षकी शाळांचा. साठपर्यंत पटाला दोन शिक्षक हे कायद्याचे किमान प्रमाण, पण लहान गावात दोन माणसांनी चार-पाच वर्ग ओढायचे म्हणजे निवड कुठून करणार? तिथेही एक करता येते. पहिलीला चौथीबरोबर एका खोलीत बसवू नये, दुसरीबरोबर बसवावे. चौथी सोबत असली की शिक्षकाचे लक्ष परीक्षेकडे ओढले जाते आणि पहिली भिंतीकडची एक रांग होऊन बसते.

तिसरा आक्षेप शाळेबाहेरचा. शिक्षकांना दीड महिना सुट्टी असते, आणखी कसली तयारीची सवलत हवी? याला मी स्वच्छ उत्तर देते. सुट्टी मिळते हे खरे आहे. तिच्यातले चार-पाच दिवस मी तांड्यावर आणि गावात फिरून घालवते, त्याचे कोणाकडे काही मागत नाही आणि माझ्यासारखे शिक्षक खूप आहेत. पण कोणत्या लेकरांसाठी फिरायचे, हे सुट्टीच्या आधी सांगा. न ठरलेल्या वर्गाची तयारी कोणालाच करता येत नाही.

प्रवेशोत्सवाबद्दल थोडेसे. फुगे, गुलाबाचे फूल, सजवलेली बैलगाडी, ओवाळणी, गोडाचे जेवण, पाहुणे, फोटो. मुलाच्या पहिल्या दिवसाचा सोहळा व्हावा, गावाला तो आपला वाटावा, हे मला मनापासून हवे आहे. फक्त हलगी शाळेच्या दारात वाजवू नये, वेशीवर वाजवावी. गेल्या काही वर्षांत मी त्या आवाजाने दाराच्या चौकटीला घट्ट धरून बसलेली तीन लेकरे पाहिली आहेत.

हे सगळे बदलायला मंत्रालयाची वाट बघावी लागते असे मला वाटत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. गेल्या वर्षी एप्रिलच्या बैठकीत छतगळती, पाण्याची टाकी, पोषण आहाराचा तांदूळ असे विषय झाले आणि उठता उठता एका आईने विचारले, "सर, आमच्या पोराला पहिलीला कोन ऱ्हानार?" मुख्याध्यापक सवयीने म्हणाले, "ठरवू की." ती उठली नाही. "आत्ता सांगा ना. त्याला सांगावं लागंन घरी, रोज इचारतंय." बाकीच्या बायाही बसून राहिल्या. सरांनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि इतिवृत्तात एक ओळ लिहिली गेली की पहिलीचा वर्ग अमुक शिक्षिकेकडे राहील. त्याच संध्याकाळी मी त्या बाईच्या घरी गेले. तिच्या मुलाने मला त्याची शेळी दाखवली, तिला तीन पिले झाली होती. 16 जूनला तो दारात रडला नाही. त्याने आत येऊन मला आधी त्या तीन पिलांची खबर सांगितली.

यंदाही एप्रिलमध्येच ठरले आहे. वहीत एकोणीस पाने भरायची आहेत, सतरा भरली. दोन मुले आई-बापांबरोबर फडावरून अजून परतलेली नाहीत, अक्षय्य तृतीयेनंतर येतील असे त्यांच्या आजोबांनी सांगितले आहे. त्यांची कागदावरची नावे लिहिली आहेत आणि खालची ओळ मोकळी ठेवली आहे.